आहेबाईंची खोली

इंदापूरच्या शाळेत मी चौथीचे पाढे म्हणून घेत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तुमचा फोन हाय. बारामतीवरनं." बारामतीहून मला फोन करणारं माणूस जगात एकच होतं, त्यामुळं मी काही घाबरले नाही. उलट थोडी वैतागलेच. मागच्या खेपेला मालूताईंनी मला भर वर्गातून उठवलं होतं ते इंदापूरच्या बाजारात पेरू कसे आलेत एवढंच विचारायला. आजही तसलंच काहीतरी असणार म्हणून रस्ता ओलांडता ओलांडता मी मनाशी एक खरमरीत उत्तर जुळवत गेले. ऊन तापायला लागलं होतं. कचेरीच्या ओट्यावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. रिसीव्हर कानाला लावून मी म्हणाले, "हं, बोला आता." पलीकडून आवाज आला, "बाई, मी शांता नर्स…" बारामतीच्या फोनवर दुसराच आवाज! पुढं शांता बोलली ते सगळं मी ऐकलं, पण कळायचं ते त्याआधीच कळलं होतं. परत येऊन मी पुन्हा पाढे सुरू केले. पोरं म्हणत होती, मी छडीनं टेबलावर ताल देत होते, आणि सतराच्या पाढ्यावरून आम्ही अठराच्या पाढ्यावर कधी गेलो ते कुणालाच समजलं नाही.

त्याला आता महिना होत आला. मालूताई काही मोठ्या कुणी नव्हत्या. त्यांच्यावर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

त्या पुण्याच्या. पेठेतल्या. हे त्या स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पुण्याच्या टेलिफोन कचेरीत नोकरीला होत्या, पण दम्यानं इतक्या बेजार झाल्या की डॉक्टरांनी कोरड्या हवेच्या गावी जायला सांगितलं. त्यांचा भाऊ बारामतीला पाटबंधारे खात्यात कारकून होता, म्हणून त्या इकडं आल्या. "हवा कोरडी आहे हे खरं, पण तिच्यात धूळ किती आहे ते त्या डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं," असं त्या म्हणत, आणि बारामतीच्या धुळीला नावं ठेवत ठेवत शेवटपर्यंत बारामतीतच राहिल्या. तिथल्या धर्मादाय दवाखान्याला त्याच सुमारास कुणीतरी एक जुनी मोटार दिली होती. आतली बाकं काढून तिथं रोग्याला निजवायची सोय केली होती. शिकलेले लोक तिला ॲम्ब्युलन्स म्हणत, बाकी सारे दवाखान्याची मोटार म्हणत. मोटार आली खरी, पण खेड्यातल्या माणसानं ती बोलवायची कशी? गावोगाव फोन कुठले! तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की कालव्याच्या कडेनं पाटबंधारे खात्याची तार गेलेली आहे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांच्या चौक्यांवर फोन आहेत. दरवाजे किती उचलायचे, किती पाडायचे, ते त्यावरून सांगतात. साहेबांनी परवानगी दिली. तारेचं एक टोक दवाखान्याच्या मागच्या खोलीत ओढून घेतलं, आणि त्या टोकाशी मालूताईंना बसवलं. गावात कुणी अत्यवस्थ झालं की घरच्यांनी चौकीवर धावायचं, पाटकऱ्यानं फोनचा दांडा फिरवायचा, आणि घंटी वाजायची ती मालूताईंच्या खोलीत.

तार मात्र सगळ्यांत मिळून एकच. एक चौकी बोलत असली की बाकीच्यांनी थांबायचं, आणि थांबलेल्यांनी मधे ऐकायचं नाही, असा नियम होता. पहिली गोष्ट लोक नाइलाजानं पाळत. दुसरी कुणीही पाळत नसे.

ती खोली आजही डोळ्यांपुढं आली की मला झोप येते, आणि हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही. खिडकी कालव्यावर उघडायची. दुपारी ऊन पाण्यावर पडलं की त्याचा कवडसा खोलीच्या छतावर हलत राहायचा, सगळं छतच वाहतंय असं वाटायचं. मी तेव्हा बारामतीच्या मुलींच्या शाळेत होते आणि त्यांच्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहत होते. सकाळची शाळा सुटली की मी डबा घेऊन तिथं जाई, जेवून चटईवर आडवी होई. मालूताई खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत, पण डोळे उघडे ठेवून. ही विद्या त्या पुण्याच्या टेलिफोन कचेरीतून शिकून आल्या होत्या. मधेच घंटी वाजे. कधी पिंपळी, कधी कोऱ्हाळे, कधी लासुर्णे. अर्धवट झोपेत मला ते आवाज ऐकू येत, कुणी धापा टाकत बोलतोय, कुणाच्या मागं कोंबडं आरवतंय, कुणाच्या मागं नुसतंच पाणी. मग मोटार सुरू झाल्याचा आवाज, आणि पुन्हा छतावर ते पाणी. मालूताई एकदा रिसीव्हर माझ्या कानाला लावून म्हणाल्या, "कुणी बोलत नसलं ना, की ऐक. कालवा बोलतो." तारेची ती गुणगुण असणार, पण त्या दुपारी मला ते पटलं होतं. यातलं एकही गाव मालूताईंनी पाहिलेलं नव्हतं. आवाजांवरून त्यांनी ती गावं मनातच वसवली होती. कोऱ्हाळ्याला त्यांच्या मते मोठी टेकडी होती. तिथं टेकडी नाही असं मी सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या.

आता हे सगळं वाचून त्या फार गोड बाई होत्या असा कुणाचा समज होईल, तर तो नीट करून ठेवते. चहात साखर घालताना त्यांचा हात आखडायचा. गात बेसूर, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. शिवाय त्यांना आपल्या भाषेची घमेंड होती. चौकीवरून कुणी म्हणालं, "ताई, मोटार हाय का?" की या तिकडून म्हणणार, "हाय नव्हे, आहे. आहे का, असं विचारा. नीट बोला." इकडं बाई अडलेली, तिकडं तिचा दीर फोनवर शुद्ध मराठीचा धडा गिरवतोय! मोटार त्या लगेच सोडत, त्यात कधी हयगय नाही, पण धडा दिल्याशिवाय फोनही ठेवत नसत. चौक्याचौक्यांवर त्यांचं नाव 'आहेबाई' पडलं. आहेबाईला सांग, आहेबाईनं मोटार धाडली… त्यांना हे नाव कळल्यावर त्या रुसल्या नाहीत, उलट खुलल्या. "बघ इंदू, निदान एकजण तरी 'आहे' म्हणायला शिकला."

आणि मग ती दुपार आली. मी चटईवरच होते. लासुर्ण्याची घंटी वाजली. तिथला पाटकरी महादू, भला माणूस, हळू आवाजाचा. तो म्हणाला, "ताई, पान लागलंया. मोटार धाडा." मालूताईंनी विचारलं, कुणाला. "ठकूबाईच्या नामदेवला. पानमळ्यात व्हता. घाम सुटलाय, डोळं झाकाया लागलाय." मालूताई हसल्या. मोकळ्या, चांगल्या हसल्या. आमच्या शहरगावांत माणसाला सुपारी लागते, तंबाखू लागते. घेरी येते, घाम फुटतो, घटकाभरानं उतरतं. "अहो पाटकरी, पानमळ्यात राहून पान लागतं होय? निजवा त्याला. लिंबाचं सरबत द्या. उतरेल." महादूनं पुन्हा विचारलं, "उतरंल म्हंता?" आणि त्या म्हणाल्या, "उतरेल, उतरेल. अगदी नक्की."

दिवस कलता कलता लासुर्ण्याची बैलगाडी दवाखान्याच्या दाराशी आली. तरणाताठा मुलगा वाटेतच गेला होता. डॉक्टरांनी त्याचा पाय पाहिला आणि ते सरळ मागच्या खोलीत आले. "लासुर्ण्याहून फोन आला होता का?" मालूताई म्हणाल्या, "आला होता. पान लागलं म्हणाले." डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "पान लागलं म्हणजे साप चावला, मालूताई. इकडं त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो म्हणतात."

डॉक्टरांकडे लस होती. मोटार बाहेर लिंबाखाली उभी होती. तिकडं लासुर्ण्यात महादूनं ठकूबाईला सांगितलं होतं की दवाखान्यातून निरोप आलाय, उतरंल. विष उतरवतात, विष उतरतं, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. मोठ्या दवाखान्याची बाई एवढ्या खात्रीनं उतरेल म्हणते म्हटल्यावर ती माणसं पोराच्या उशाशी बसून विष उतरायची वाट बघत राहिली. आणि बाई हसलीसुद्धा, म्हणजे भ्यायचं कारण नाही. दोन्हीकडच्यांना एकमेकांचं बोलणं पुरतं समजलं होतं. तेच वाईट झालं. ठकूबाई दाराशी गाडीजवळ बसली होती, पण मालूताई खोलीबाहेर गेल्या नाहीत.

कुणी त्यांना बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, चूक शब्दाची. मीही तेच म्हणाले, मुंबईच्या चाळीत वाढल्यामुळं मलाही तो शब्द ठाऊक नव्हता. मालूताई म्हणाल्या, "शब्द माझ्या कानात आला होता. हसले मी." त्यांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. भावानं ट्रंकही काढून दिली. पण त्या काही जाईनात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लासुर्ण्याहून एकदा फोन येऊ दे. मग जाईन."

लासुर्ण्याहून फोन येत नव्हता. सकाळी सगळ्या चौक्यांना घंटी देऊन तार नीट आहे ना ते बघायचं, हे त्यांचं काम. पिंपळीवाला दोन गोष्टी बोलायचा, कोऱ्हाळेवाला पाच. महादू रिसीव्हर उचलून म्हणायचा, "लासुर्णं. हाय." आणि ठेवून द्यायचा. त्या 'हाय'ला आता मालूताई काही म्हणत नसत. कुणाच्याच 'हाय'ला म्हणत नसत. एवढं मोठं गाव, पण तिथं कुणाला ताप नाही, कुणी पडत नाही, कुणी बाळंत होत नाही! मग एके दिवशी लासुर्ण्याहून अडलेली बाई बैलगाडीतून आली. एवढी वाट खडखडत आली, वाचली ते केवळ नशीब. डॉक्टर तिच्या सासऱ्यावर ओरडले, "फोन का नाही केला? चौकी काय तुमच्या घरापासून लांब आहे?" म्हातारा शांतपणे म्हणाला, "फोनवर काय, उतरंल म्हणत्यात." मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. मालूताईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि माझ्याच्यानंही जेववलं नाही.

माणसं इथं बोलावून घ्यायची, हे त्यानंतर त्यांच्या डोक्यात आलं. प्रत्येक गावात चौकीवर धावणारी, मोटार आली की रस्त्याला उभी राहून घर दाखवणारी चार स्वयंसेवक माणसं असायचीच. त्यांनी बाजाराच्या दिवशी येऊन खोली बघावी, आपला आवाज कुठं पोचतो ते बघावं, आणि आपल्याकडं कशाला काय म्हणतात ते मालूताईंना सांगावं. डॉक्टर हो म्हणाले. पहिल्या बाजाराला पिंपळीची मंडळी आली. चपला उंबऱ्याबाहेर काढून आत शिरली, आणि टेबलावरच्या फोनच्या काळ्या डब्याकडं बघत भिंतीला टेकून बसली. त्यांच्यातल्या एका तात्यांनी डब्याच्या मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "मोटार कुठनं निगती ते कळालं. पर आमी हितनं निगतो कुठनं?" कोऱ्हाळ्याच्या आबांना फोनवर बोलून बघायला सांगितलं तर ते इतक्या मोठ्यानं ओरडले की दवाखान्यातले रोगी उठून बसले. का, तर कोऱ्हाळं लांब हाय. उलट पिंपळीचे तात्या अगदी कुजबुजले, कारण पिंपळी काय, हितंच हाय. मालूताई हसल्या नाहीत. हसू दाबताना त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. त्या विचारत राहिल्या आणि ती माणसं सांगत राहिली. इंगळी म्हणजे मोठा विंचू, फेपरं म्हणजे आकडी, आणि 'जनावर लागलं' म्हणजेसुद्धा तेच, ज्याचं नाव घ्यायचं नाही. वांगी, केळी, उसाची कांडकी असं काहीबाही प्रत्येकानं आणलेलं असायचं, ते टेबलाखाली ठेवून ती जायची. त्या दुपारी खोलीला शेताचा वास यायचा. मालूताई मग एकेक शब्द स्वतःशी घोळवत बसायच्या, आणि मी छतावरचं पाणी बघत तो ऐकत पडायचे. साऱ्या गावांची दुखणी अशी हळूहळू त्या खोलीत येऊन बसत होती.

लासुर्ण्याला त्यांनी दर वेळी निरोप दिला. लासुर्ण्याचं कुणी आलं नाही.

मग एका बाजाराला आलं. महादू आला, आणि त्याच्या मागं डोक्यावर पानांची करंडी घेतलेली एक उंच बाई. करंडी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली, आत आली आणि उभीच राहिली. मालूताईंनी बसा म्हटलं तरी बसली नाही. तिनं खोली बघितली, खिडकी बघितली, फोन बघितला. मग विचारलं, "त्या दिशी हितं कोण बसलं व्हतं?"

महादू खाली बघायला लागला, तेव्हा आम्हाला कळलं ही कोण ते. मालूताई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी."

"तुमाला हसाया आलं व्हतं म्हणं."

"हो. हसले होते."

आणखी काही त्या बोलल्या नाहीत. मला ठाऊक नव्हतं, माझी चूक झाली, यातलं काहीच नाही. मला वाटत होतं, बोला हो काहीतरी, हात तरी जोडा… पण त्या तशाच उभ्या राहिल्या. ठकूबाई दोन पावलं पुढं आली.

"तुमच्यात काय म्हणत्यात त्याला?" तिनं विचारलं.

"साप चावला म्हणतात."

महादूनं दोन्ही हात कानांवर नेले. "नाव नगा घिऊ, ताई!"

ठकूबाई त्याच्याकडं वळली. "नाव न घेता आलाच की रं, म्हादू. आता घ्याया कसलं भ्या?"

मग तिला एकदम दमल्यासारखं झालं असावं. ती खाली बसली, फोनच्या टेबलाच्या पायाला टेकून. मालूताईही खुर्चीवर न बसता तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. मी पाणी दिलं. दोघी काहीबाही बोलत होत्या, ते मी सगळं ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी इथं लिहिलं नसतं. नामदेव कसा दिसायचा ते ठकूबाई सांगत होती एवढं कळलं. उठताना तिनं विचारलं, "हितनं लासुर्ण्याला बोलता येतं?" मालूताईंनी घंटी दिली. चौकीवर महादूची बायको होती. ठकूबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि एकेक शब्द ठेवत बोलली, "पारू, मी ठकू. ऐक. कुणाला चावला तर पान लागलं म्हणू नगंस. साप चावला म्हण. हितल्या बाईला तसं कळतंय. समद्या गावात सांग, मी सांगितलंय म्हणून." आणि मग तारेवर कुठूनतरी, पिंपळी असेल नाहीतर कोऱ्हाळे, चोरून ऐकणाऱ्या कुणाचातरी आवाज आला, "व्हय, मावशी."

त्यानंतर लासुर्ण्याची घंटी वाजली ती पेरणीच्या दिवसांत. बांधावर एका बाईला साप चावला होता. महादूनं ते नाव घेतलं, एका दमात, डोळे मिटून घेतलं असणार. मोटार गेली, बाईला घेऊन आली, लस टोचली, आणि ती बाई आजही लासुर्ण्यात आहे. मालूताई त्या दिवशी खिडकीशी उभ्या राहून रडल्या. मी म्हटलं, "झालं, आला फोन. आता जा पुण्याला." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "गप बस. पुण्यात काय ठेवलंय?"

त्यांनी उभ्या आयुष्यात त्या तारेवरचं एकच गाव पाहिलं, आणि तेही एकदाच. थंडीच्या दिवसांत ठकूबाईनं त्यांना पानमळा बघायला बोलावलं. मीही गेले. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, तिथं देव मानतात. आम्ही दोघींनी चपला बांधावर काढल्या. आत शिरलो तसा उजेडच हिरवा झाला. उंच शेवग्यापांगाऱ्यांवर वेल चढलेले, वर पानांचं छत, खाली ओली गार माती, आणि पाटाचं पाणी इतकं सावकाश चाललेलं की ते चाललंय हे पान वाहत गेल्यावर कळावं. मालूताई अनवाणी, पांढरी साडी थोडी वर धरून, एकेक पाऊल बघून टाकत होत्या. पुढं ठकूबाई अनवाणीच, पण झरझर. मधेच मालूताई थांबल्या आणि आपल्या पावलांकडं बघत राहिल्या. ठकूबाईनं मागं वळून विचारलं, "भ्या वाटतंय का?" त्या म्हणाल्या, "वाटतंय." ठकूबाई परत आली, त्यांचा हात धरला, आणि दोघी पुढं गेल्या. मी मागं राहून बघत होते. त्या हिरव्या उजेडात त्यांची पाठ दिसत होती, मग नुसतंच पांढरं काहीतरी, मग पानंच. मला अजून कधीकधी स्वप्नात तेवढंच दिसतं.

पुढं माझी बदली इंदापूरला झाली. जाण्याआधी आणि नंतर सुट्टीत मी त्यांच्या खोलीत जातच राहिले. दमा वाढत चालला होता. शांता नर्स त्यांच्या हाताखाली फोन शिकली होती, तीच बराच वेळ बसायची, पण मालूताई घरी थांबायला तयार नसत. शेवटची गाठ पडली ती संक्रांतीला. तिळगूळ दिला, त्यातही साखर कमीच. मी विचारलं, "दमा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "हाय." त्या स्वतःच आधी हसल्या, मग खोकला आला, आणि खोकता खोकता पुन्हा हसल्या. पुण्याच्या पेठेतली बाई! पुण्याच्या नातेवाइकांना त्यांनी हे ऐकू दिलं नसतं. उन्हाळा चढायच्या आत, एका दुपारी, घरीच, झोपेत त्या गेल्या. मोटार बोलवायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. मला त्यांची फार आठवण येते. कचेरीतला फोन वाजला की मी अजून वर्गात थबकते, आणि मग पोरांवर उगीच ओरडते.

परवा बारामतीला जाऊन आले. खोलीत शांता बसली होती. खुर्ची तीच, खिडकी तीच, छतावर तेच पाणी हलत होतं. मी सवयीनं चटई अंथरली, पण आडवं व्हावंसं वाटेना. शांतानं चहा केला, तो नीट गोड होता, आणि त्याचंही मला वाईट वाटलं. मग तिनं त्या दिवशीचं सांगितलं. डॉक्टरांनी तिला सगळ्या चौक्यांना कळवायला सांगितलं होतं. पिंपळीला, कोऱ्हाळ्याला तिनं सांगितलं, ताई गेल्या. सगळे हळहळले. मग लासुर्ण्याची घंटी दिली. महादू पाण्यावर गेला होता, म्हणून चौकीच्या दाराशी बसलेल्या ठकूबाईनं फोन उचलला.

शांता म्हणाली, "मावशी, ताई गेल्या."

"गेल्या म्हंजी?" ठकूबाईनं विचारलं. "कुटं गेल्या? नीट सांग."

"देवाघरी गेल्या."

"शांते, नीट सांग."

शांताला हुंदका आला. "मेल्या, मावशी. मालूताई मेल्या."

शांताला वाटलं, फोन बंद झाला. मग ठकूबाईचा आवाज आला, अगदी जवळून यावा तसा.

"मोटार जाग्यावर हाय?"

"हाय."

"मग फोन ठिव, पोरी. कुणाचा तरी येत आसंल."